वेगवान मेमरी, भरवशाची मेमरी

मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं विंडोजवर काम केलेले अभियंते रेमंड चेन यांनी २००५ साली एक गोष्ट लिहिली. जगभर कुठेही विंडोज कोसळली की त्याचा अहवाल कंपनीकडे पोहोचू शकतो. त्यांचे एक सहकारी असे अहवाल तपासत असताना त्यांना काही अहवालांचा अर्थच लागेना. ज्या सूचनेवर गाडी अडली होती, ती प्रोसेसरच्या आतल्या एका कप्प्यात शून्य ठेवण्याची साधी सूचना होती. ती मेमरीला हात लावत नाही, भागाकार करत नाही, कुणाची परवानगी मागत नाही. ती चुकायला जागाच नाही. संबंधित ग्राहकांकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालत होते. काहींना तर हे ठाऊकही नव्हतं. छोट्या दुकानदाराने स्वस्तातला प्रोसेसर परस्पर वेग वाढवून महागाच्या भावात गळ्यात मारला होता.

ही प्रोसेसरची गोष्ट. मेमरीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण मेमरी चुकते तेव्हा यंत्र बंद पडेलच असं नाही. एखादा बिट शून्याचा एक होतो आणि काम पुढे चालू राहतं. तो बिट गेममधल्या भिंतीच्या रंगाचा असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. तो तुमच्या हिशेबाच्या फाइलमधला असेल, लग्नाच्या फोटोतला असेल किंवा हार्ड डिस्कवर काय कुठे ठेवलंय याच्या नोंदीतला असेल, तर बिघडलेली माहिती इमानेइतबारे डिस्कवर उतरते आणि पुढच्या बॅकअपमध्ये तिचीच प्रत निघते. महिन्याभराने फाइल उघडत नाही तेव्हा मेमरीवर संशयसुद्धा येत नाही.

म्हणून मेमरीचा वेग असा वाढवण्याकडे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगकडे, मी आधी तपासणीचं काम म्हणून पाहतो आणि मग वेगाचं काम म्हणून. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आकडा वाढवायला दोन मिनिटं लागतात. तो आकडा उन्हाळ्यात, ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना, सलग आठ तासांच्या कामातही टिकतो याची खात्री करायला काही दिवस लागतात, आणि खरं कौशल्य त्या दिवसांत आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक यंत्र समोर धरू. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, ज्यांच्या खोक्यावर ६००० आणि सीएल३० असं छापलेलं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या गेमिंगच्या यंत्रांत ही जोडी सर्रास सापडते.

या स्टिकवरच्या काळ्या चिपांमध्ये अब्जावधी कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कॅपॅसिटर. कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. एका बिटासाठी एवढ्याच दोन वस्तू पुरतात, ही कल्पना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं. विद्युतभार साठवणाऱ्या मेमरीची, म्हणजे डीरॅमची, इंटेलची ११०३ ही चिप १९७० साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात जेमतेम एक किलोबिट माहिती मावत होती. आज एकेका चिपमध्ये १६ गिगाबिट मावतात, पण मुळातली अडचण बदललेली नाही. माठातून पाणी पाझरतं तसा कॅपॅसिटरमधून विद्युतभार पाझरत राहतो. तो नाहीसा होण्याआधी प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. यालाच रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४च्या काळात हे चक्र ६४ मिलिसेकंदांत पुरं व्हावं असा दंडक होता. डीडीआर५मध्ये ते ३२ मिलिसेकंदांवर आलं.

कप्पे ओळींमध्ये मांडलेले असतात. एखादा बिट हवा असेल तर आधी त्याची अख्खी ओळ उघडावी लागते. उघडताना प्रत्येक कप्प्यातला इवलासा भार तारेवर येतो आणि संवेदक प्रवर्धक तो भार ओळखून मोठा करतात. मग ओळीतला हवा तो भाग उचलून पाठवला जातो. दुसरी ओळ हवी असेल तर पहिली बंद करून तारा पुन्हा समपातळीवर आणाव्या लागतात. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि खोक्यावर ३०-३८-३८-९६ अशी जी रांग छापलेली असते ती याच पायऱ्यांची. पहिला ३० म्हणजे सीएल : उघड्या ओळीतून माहिती मागितल्यापासून ती बाहेर येईपर्यंतचा वेळ. दुसरा आकडा ओळ उघडायचा, तिसरा बंद करायचा, आणि चौथा ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची त्याचा.

हे सगळे आकडे सेकंदांत नसून क्लॉकच्या ठोक्यांत असतात, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्या स्टिकवरचे ६००० म्हणजे दर सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवतं, त्यामुळे खरा क्लॉक ३००० मेगाहर्ट्झचा. एक ठोका म्हणजे नॅनोसेकंदाचा एक तृतीयांश. असे ३० ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. आता थोडं मागे जाऊ. वीस वर्षांपूर्वीची उत्तम डीडीआर-४०० मेमरी सीएल२वर चालायची : २०० मेगाहर्ट्झचे दोन ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर३-१६०० आणि सीएल८ : १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० आणि सीएल१६ : पुन्हा १० नॅनोसेकंद. चार पिढ्यांत देवाणघेवाणीचा वेग पंधरा पट झाला आणि ही प्रतीक्षा होती तिथेच राहिली. तारेवरून माहिती पळवण्याचं तंत्र झपाट्याने सुधारलं. कप्प्यातला क्षीण भार ओळखण्याचं भौतिकशास्त्र मात्र फारसं हललं नाही.

म्हणून दुकानात सीएल३६ची ६००० आणि सीएल३०ची ६००० समोर आली तर त्यांच्यात दोन नॅनोसेकंदांचा फरक आहे, हे भागाकार करून पाहावं. आणि सीएल४०ची ४८०० घेतली तर तीच प्रतीक्षा साडेसोळा नॅनोसेकंदांच्या वर जाते.

ही ४८०० आपल्या यंत्राशी थेट जोडलेली आहे. ६०००ची स्टिक बसवून यंत्र नुसतं चालू केलं तर ती ६०००वर चालत नाही. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात स्टिकची कुंडली लिहिलेली असते. यंत्र सुरू होताना मदरबोर्ड ती वाचतो आणि जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेला सुरक्षित वेग निवडतो. आपल्या स्टिकसारख्या मालात तो बहुधा ४८०० असतो. ६०००चा आकडा त्याच चिपमध्ये वेगळ्या पानावर लिहिलेला असतो. इंटेलने २००७ साली डीडीआर३च्या वेळी ही सोय एक्सएमपी नावाने आणली. एएमडीने २०२२ साली डीडीआर५सोबत एक्स्पो आणली. बायोसमध्ये जाऊन हे पान निवडलं नाही तर जादा मोजलेले पैसे वाया जातात, आणि असे वाया जाणारे पैसे मला वाटतं आपल्याकडे फार आहेत. यंत्र जोडून देणाऱ्याने सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही आणि वर्षभर मेमरी ४८००वर चालत राहिली.

मात्र हे पान निवडणं हेच ओव्हरक्लॉकिंग आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. छापील आकडा मेमरी बनवणाऱ्याच्या हमीचा. तुमचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड तो आकडा पेलतील याची हमी त्यात नाही. रायझन ७०००साठी एएमडीने अधिकृत मर्यादा सांगितली आहे ती दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना अवघी ३६००. या दुसऱ्या आकड्याकडे पुष्कळांचं दुर्लक्ष होतं. आज दोन स्टिक घ्यायच्या आणि पुढच्या दिवाळीला आणखी दोन टाकायच्या, हा हिशेब डीडीआर५मध्ये अंगाशी येतो. प्रत्येक वाहिनीवर दोन-दोन स्टिक आल्या की तारेवरचे संकेत परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतात आणि वरचा वेग सांभाळणं कठीण होतं. लागेल तेवढी मेमरी पहिल्यांदाच दोन स्टिकमध्ये घ्यावी. त्या बसवायच्याही दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, कारण हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर तारा तिथे संपतात आणि रिकामं टोक लोंबकळत राहत नाही.

आता कमाई किती होते ते पाहू. ६०००च्या दोन स्टिक मिळून कागदावर सेकंदाला ९६ जीबी माहिती देऊ शकतात. पण रायझन ७०००मध्ये गणन करणारा चिपलेट आणि मेमरी सांभाळणारा चिपलेट वेगवेगळे असतात आणि त्यांच्यामध्ये इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा दुवा असतो. तो २००० मेगाहर्ट्झवर चालत असेल आणि गणनाचा चिपलेट एकच असेल, तर वाचनाची वाट सेकंदाला ६४ जीबीपाशी संपते. म्हणजे दुवा आधी तुंबतो, मेमरी नंतर. त्यातच मेमरी नियंत्रक मेमरीच्याच ठोक्यावर चालायला हवा. वेग फार वाढवला की तो अर्ध्या ठोक्यावर उतरतो आणि प्रतीक्षा वाढते. त्यामुळे या यंत्रात ६०००च्या आसपास थांबून टायमिंग आवळणं हे ७२००च्या मागे धावण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. इंटेलच्या यंत्रांत हिशेब वेगळा असतो. तिथे २०२१च्या अकराव्या पिढीपासून गिअर १ आणि गिअर २ असे पर्याय आले आणि डीडीआर५ सहसा दुसऱ्यातच चालते, म्हणून तिथे वरच्या आकड्यांना अर्थ राहतो.

ज्या गेममध्ये प्रोसेसरची दमछाक होते तिथे फरक जाणवतो, विशेषतः मधूनच बसणारे झटके कमी होतात. ज्या गेममध्ये ग्राफिक्स कार्डच पुरं पडत नाही तिथे काहीच हाती लागत नाही. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने यासाठी रात्र जागवू नये. पोटात मोठी कॅश असलेल्या एक्सथ्रीडी प्रोसेसरांना मेमरीकडे हात पसरण्याची वेळच कमी येते, त्यामुळे त्यांची कमाईही कमी. सगळ्यांत मोठा लाभ होतो तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांना, कारण तिथे चित्रं काढण्याचं कामही याच मेमरीतून चालतं. आणि असं यंत्र एकाच स्टिकवर चालत असेल, जसे कित्येक लॅपटॉप विकले जातात, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडून आधी दुसरी स्टिक टाकावी. वाट थेट दुप्पट रुंद होते आणि कसला धोकाही नाही.

हौशी लोक एक्स्पोच्या पानावर थांबत नाहीत. चार छापील आकड्यांच्या पाठीमागे आणखी डझनभर टायमिंग असतात. ती मदरबोर्ड स्वतः ठरवतो आणि सावधगिरीने सैल ठेवतो. त्यांतली दोन सर्वांत जास्त देतात आणि सर्वांत जास्त घात करतात. दोन्ही रिफ्रेशची आहेत.

पहिलं टीरेफी, म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर. डीडीआर५मध्ये ते ३.९ मायक्रोसेकंद असतं. ३२ मिलिसेकंदांत ८,१९२ वेळा रिफ्रेशचा हुकूम जातो, त्यावरून हा आकडा येतो. दुसरं टीआरएफसी, म्हणजे एक रिफ्रेश पुरं व्हायला दिलेला वेळ. १६ गिगाबिटच्या चिपसाठी मानकात तो २९५ नॅनोसेकंद आहे. तेवढा वेळ मेमरी कामाला मिळत नाही. भागाकार केला तर एकूण वेळेतला साडेसात टक्के वेळ मेमरी स्वतःलाच भरत बसलेली असते. म्हणून हौशी मंडळी टीआरएफसी कमी करतात आणि टीरेफी वाढवतात. काही जण टीरेफी थेट ६५,५३५ ठोक्यांवर नेतात. ३००० मेगाहर्ट्झला हे अंतर होतं जवळजवळ २२ मायक्रोसेकंद, मूळच्या साडेपाच पट. याचा दुसरा अर्थ असा की ज्या कप्प्याने ३२ मिलिसेकंद तग धरायची होती, त्याला आता सुमारे १८० मिलिसेकंद धरावी लागते.

आणि गंमत म्हणजे बहुतेक कप्पे ती धरतात. मानकातला आकडा सगळ्यांत दुबळ्या कप्प्याला आणि ८५ अंश सेल्सिअसच्या तापमानाला धरून ठरवलेला आहे. त्याही वर तापमान गेलं तर रिफ्रेश दुप्पट करायचा असा नियम आहे. कप्प्यातली गळती तापमानावर किती अवलंबून असते, हे २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी फार प्रत्ययकारी रीतीने दाखवलं. त्यांनी चालू यंत्रातल्या मेमरीवर हवेचा डबा उलटा धरून फवारा मारला, ती उणे ५० अंशांपर्यंत गार केली आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही तिच्यातले एक टक्क्यापेक्षा कमी बिट बिघडले होते. त्यांचा उद्देश संगणकाची गुपितं कशी चोरता येतात हे दाखवण्याचा होता, पण ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याने त्यातून उलटा धडा घ्यायचा : गारव्यात कप्पा मिनिटंच्या मिनिटं टिकत असेल तर उष्म्यात त्याची मुदत तितक्याच वेगाने आखडते.

आपल्याकडे हा मुद्दा फार जवळचा आहे. या विषयावरचा बहुतेक सल्ला थंड देशांतून येतो, जिथे खोलीचं तापमान २० अंश धरलेलं असतं. नाशिकला डिसेंबरात ६५,५३५वर रात्रभर एकही चूक न दाखवणारी जोडी नागपूरला मे महिन्यात, खोलीत ३८ अंश असताना, तशीच वागेल असं समजायला कसलाही आधार नाही. रिफ्रेश लांबवलेल्या मेमरीत स्टिकचं तापमान ५० ते ५५ अंशांच्या पुढे गेलं की चुका डोकं वर काढतात, असा या कामातल्या लोकांचा सर्वदूर अनुभव आहे. डीडीआर५च्या स्टिकवर तापमान मोजणारा संवेदक असतो आणि एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम ते दाखवतो. शिवाय ग्राफिक्स कार्ड आपली गरम हवा थेट मेमरीच्या अंगावर सोडतं. नुसती मेमरी तपासताना ४५ अंश दिसणारी स्टिक गेम सुरू झाल्यावर ६०कडे सरकते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्याने मला विचारलं तर मी टीरेफी मूळच्या दुप्पट-तिप्पटपेक्षा जास्त वाढवू नको असंच सांगेन. आणि मेमरीवर वारा घालणारा एक छोटा पंखा लावायला सांगेन. तो कुठल्याही महागड्या रंगीबेरंगी आवरणापेक्षा जास्त उपयोगी आहे. मूळ जेडेक वेगावर चालणाऱ्याला यातली कसलीच काळजी नाही. ८५ अंशांची तजवीज त्याच्यासाठीच केलेली आहे.

व्होल्टेजबद्दल थोडक्यात. डीडीआर५चं मूळ व्होल्टेज १.१, आणि एक्स्पोच्या पानावर ते १.३५ ते १.४च्या घरात असतं. चांगली चिप एवढं आरामात सोसते. धोका दुसरीकडे असतो. प्रोसेसरच्या आत मेमरी नियंत्रक ज्या भागात असतो त्याला एसओसी व्होल्टेज मिळतं, आणि मेमरीचा वेग वाढवला की मदरबोर्ड तेही आपल्या अंदाजाने वाढवतो. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००चे काही प्रोसेसर खालून फुगून जळाल्याची छायाचित्रं जगभर पसरली. त्यानंतर एएमडीने सर्व बोर्ड उत्पादकांना नवं बायोस देऊन हे व्होल्टेज १.३वर रोखलं. जुन्या बायोसवर चालणारं यंत्र असेल तर मेमरीला हात लावण्याआधी बायोस अद्ययावत करणं हे पहिलं काम. आणि एसओसी व्होल्टेज स्वयंचलितवर न सोडता स्वतः भरावं. ६०००साठी १.२ ते १.२५ पुष्कळांना पुरतं.

आता तपासणीकडे येऊ. यंत्र सुरू होताना नियंत्रक प्रत्येक तारेवरचा विलंब मोजून घेतो. डीडीआर५मध्ये यालाच ट्रेनिंग म्हणतात, आणि पहिल्या वेळी काळा पडदा मिनिटंभर किंवा जास्त वेळ तसाच राहतो तो यामुळे. पुष्कळ जण घाबरून त्याच वेळी बटण दाबून यंत्र बंद करतात. तसं करू नये, थांबावं. पण ट्रेनिंगची एक बाजू कमी बोलली जाते. मोजणी प्रत्येक वेळी अगदी सारखी निघत नाही. सीमेवर चालणारी मेमरी आज चांगल्या मोजणीवर सुरू होऊन रात्रभराची परीक्षा उत्तीर्ण होते आणि उद्या जरा वेगळ्या मोजणीवर सुरू होऊन दुपारी कोसळते. म्हणून परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. यंत्र पूर्ण बंद करून, वीज काढून, गार झाल्यावर पुन्हा सुरू करून ती परत घ्यायची.

साधनं पुष्कळ आहेत. मेमटेस्ट८६ हा सर्वांत जुना. क्रिस ब्रेडी यांनी तो १९९४च्या सुमारास लिहिला. तो पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो. मुळात सदोष असलेली स्टिक शोधायला तो उत्तम, पण ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा म्हणून तो मवाळ पडतो. टेस्टमेम५ आणि कारहू हे विंडोजमध्ये चालणारे प्रोग्रॅम मेमरीला अधिक सोलून काढतात. माझा विशेष जिव्हाळा आहे तो वाय-क्रंचरवर. अलेक्झांडर यी यांनी हा प्रोग्रॅम पाय या संख्येचे दशांश काढण्यासाठी लिहिला. २०१९ साली गूगलच्या एमा हारुका इवाओ यांनी ३१.४ ट्रिलियन अंकांचा विक्रम केला तो यावरच. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी सगळं पाण्यात, म्हणून हा प्रोग्रॅम स्वतःचं उत्तर सतत ताडून पाहतो. त्यामुळे तो प्रोसेसर, नियंत्रक आणि मेमरी या तिघांची एकदम कसोटी घेणारा परीक्षक झाला. एका साधनावर विसंबू नये. दोन वेगळ्या प्रकारची साधनं, प्रत्येकी काही तास, आणि एक फेरी ग्राफिक्स कार्डावर भार ठेवून. निकालाचा निकष एकच : शून्य चुका. आठ तासांत एकच चूक आली तर ते सेटिंग नापास. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल वहीत लिहून ठेवावा, नाहीतर नापास कुणामुळे झालो ते कळत नाही. आणि हे सगळं चालू असताना आपल्या खऱ्या फाइली असलेली डिस्क यंत्रातून काढून ठेवावी. विंडोज पुन्हा टाकता येते, मुलाच्या बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

इतकी सावधगिरी अतिरेकी वाटत असेल तर लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांचं उदाहरण आहे. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, लिनक्सच्या नव्या आवृत्तीचं काम ऐन भरात असताना, त्यांच्या संगणकावर विचित्र चुका दिसू लागल्या. त्यांना आधी आपल्याच प्रणालीत दोष शिरल्याचा संशय आला. शेवटी निघाली ती बिघडलेली मेमरी स्टिक. चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी सर्वांना मिळाली पाहिजे म्हणून जाहीरपणे भांडणारा हा माणूस. त्या यंत्रात मात्र ती नव्हती. त्यांच्यासारख्याला मेमरीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तर ज्याला फक्त गेम मध्येच बंद पडल्याचं दिसतं तो कुठून पोहोचणार?

मोठ्या प्रमाणावरचे अभ्यासही हेच सांगतात. गूगल आणि टोरँटो विद्यापीठाने २००९ साली गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एकदा चूक झाली होती, आणि त्याही कुणी ओव्हरक्लॉक केलेल्या नव्हत्या. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासल्या. मेमरीतल्या एका बिटामुळे कोसळण्याची शक्यता पहिल्या वेळी १,७००त एक होती. पण एकदा असं कोसळलेलं यंत्र पुन्हा तसंच कोसळण्याची शक्यता होती बारात एक. हा दुसरा आकडा फार कामाचा आहे. एकदा चूक दिसली की तिला योगायोग मानून पुढे जाऊ नये, हे त्यातून स्पष्ट होतं.

डीडीआर५बद्दल एक गैरसमज पसरलेला आहे की तिच्यात ईसीसी मुळातच असते, तेव्हा चिंता नको. प्रत्येक चिपच्या आत चूक दुरुस्त करणारी यंत्रणा असते हे खरं. दर १२८ बिटांमागे आठ जादा बिट ठेवून ती एक बिघडलेला बिट सुधारते. पण तिची नजर चिपच्या भिंतीपर्यंतच जाते. चिपमधून निघून तारेवरून प्रोसेसरकडे जाताना झालेली चूक तिला दिसत नाही, आणि वेग वाढवल्यावर तिथल्या चुका वाढतात. शिवाय आत सुधारलेल्या चुकांची खबर ती यंत्राला देत नाही. रिफ्रेश फार लांबवल्यामुळे कप्पे दुबळे पडू लागले तर ती यंत्रणा सुरुवातीला गुपचूप सावरून घेते, परीक्षेत शून्य चुका दिसतात, आणि एकाच गटात दोन कप्पे एकदम पडले की धरण फुटतं. तेव्हा डीडीआर५मध्ये शून्य चुका मिळाल्यावरही थोडं मागे यावं. ६५,५३५ टिकत असेल तर ३०,००० ठेवावं, टीआरएफसी जिथे चालतं त्याहून दहा टक्के सैल सोडावं. पडद्यावरच्या आकड्यात हे कुठे दिसणार नाही, आणि गेममध्ये तर नाहीच.

खरी ईसीसी हवी असेल तर तीही मिळते. अनेक रायझन मदरबोर्ड जादा चिप असलेल्या ईसीसी स्टिक स्वीकारतात. त्या महाग असतात, छापील वेग कमी असतो, आणि एक्स्पोचं पान बहुधा नसतं, त्यामुळे टायमिंग हाताने भरावी लागतात. पण सुधारलेली प्रत्येक चूक विंडोज किंवा लिनक्सच्या नोंदीत उतरते. ज्यांचं पोट संगणकावर आहे, म्हणजे हिशेब लिहिणारे, छायाचित्रकार, स्थापत्यकार, अशांनी मेमरीवर जादा खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. ६०००ऐवजी ५२००वर चालवून नोंदवही कोरी राहते की नाही ते पाहणं त्यांच्या कामाचं आहे. आणि ज्यांचं यंत्र निव्वळ खेळासाठी आहे त्यांनी एक्स्पो चालू करावं, रिफ्रेशची टायमिंग बेताने आवळावी, दोन रात्री परीक्षा घ्यावी, आणि तीच परीक्षा बायोस बदलल्यावर आणि दर उन्हाळ्यात, एप्रिलचा तिसरा आठवडा उलटला की, पुन्हा घ्यावी.